निवळीचा हिशेब

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत माझ्या एका सल्ल्यामुळे जर्मनीतल्या एका घरातले चार प्रवाळ मेले. सल्ला फोनवर दिला होता, पूर्ण आत्मविश्वासाने दिला होता, आणि तो चुकीचा होता. या लेखात जे सांगणार आहे ते मी त्या चुकीच्या मागोमाग शिकलो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

माझी भाची स्टुटगार्टला असते. तिच्या बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची तीनशे लिटरची टाकी आहे. त्या टाकीत मासे थोडे, प्रवाळ जास्त. टाकीतच वाढवलेल्या प्रवाळांचे बोटाएवढे तुकडे तिथे दुकानात रीतसर मिळतात. आपल्याकडे असे काही करायला जाऊ नये. खडक बांधणारे कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला आहेत. त्यामुळे या विषयातला माझा सगळा अभ्यास दुसऱ्याच्या टाकीवर झालेला आहे, हे आधीच कबूल करतो.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. हिशेबाची नोकरी सांभाळून गेली वीसेक वर्षे चुन्याच्या मागे आहे. किल्ल्यांवरच्या चुन्याच्या घाण्या, कोकणातल्या शिंपले भाजायच्या भट्ट्या, जुन्या वाड्यांचा गिलावा हे माझे विषय. रसायनशास्त्र शाळेत शिकवले तेवढेच. बाकीचे पुस्तके मागवून, चुका करत. पण घरात एक समज पक्का आहे की मामाला चुन्यातले कळते, आणि प्रवाळ म्हणजे शेवटी चुनाच. म्हणून भाचीचा फोन आला.

“मामा, पाण्याचा पीएच सात पूर्णांक आठच्या वर जातच नाहीये. पुस्तकात आठ पूर्णांक दोन लिहिलंय.”

“मग बफर घाल की. पाणी आम्लाकडे झुकलंय, तर अल्क घालायलाच हवं.”

बफर म्हणून मिळणारी पूड ही बहुतेक वेळा खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा यांचे मिश्रण असते. तिने रोज सकाळी चहाचा एक चमचा पूड विरघळवून घालायला सुरुवात केली. दोन-तीन तास पीएच वर जायचा, संध्याकाळपर्यंत पुन्हा सात पूर्णांक आठ. “उद्या परत घाल,” मी सांगायचो. नवव्या दिवशी तिने फोटो पाठवला. पाणी तापवायच्या कांडीवर आपल्याकडे बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर धरतो तसा पांढरा थर धरला होता, पंप अडकला होता, आणि अ‍ॅक्रोपोरा जातीच्या प्रवाळांच्या फांद्यांची टोके जळल्यासारखी उघडी, पांढरी पडली होती. आठवड्याभरात चार वसाहती गेल्या.

आता त्या पाण्यात काय झाले ते पाहू.

प्रवाळ हा प्राणी. तो आपल्याखाली चुनखडीचा सांगाडा रचत जातो. त्यासाठी पाण्यातून त्याला दोन गोष्टी लागतात, एक कॅल्शियम आणि दुसरी कार्बोनेट. समुद्राच्या पाण्यात कार्बोनेटचा बहुतेक साठा बायकार्बोनेटच्या रूपात असतो. या साठ्याचे मोजमाप म्हणजे इंग्रजीत जिला अल्कलिनिटी म्हणतात ती. मराठीत तिच्यासाठी शब्द शोधताना माझी पंचाईत झाली. ‘क्षारता’ हा सरळ शब्द आपल्या भूगोलाच्या पुस्तकांनी समुद्राच्या खारटपणाला देऊन टाकला आहे. म्हणून मी इथे ‘अल्कता’ म्हणतो.

अल्कता म्हणजे पाणी किती अल्कधर्मी आहे ते नव्हे. माझी चूक नेमकी इथेच होती. पीएच सांगतो की पाणी या क्षणी आम्लाकडे झुकले आहे की अल्काकडे. अल्कता सांगते की हे पाणी किती आम्ल पचवू शकेल. मोजायची रीतही तशीच आहे. ठरावीक पाणी घ्यायचे, त्यात रंगदर्शकाचे थेंब टाकायचे, आणि ठाऊक तीव्रतेचे आम्ल थेंबाथेंबाने सोडत जायचे. सगळे बायकार्बोनेट खर्ची पडले की पीएच एकदम घसरतो आणि निळे पाणी पिवळे होते. तोवर किती आम्ल लागले, ती अल्कता. दहावीच्या प्रयोगशाळेत ब्युरेट हाती धरलेल्या कोणालाही हे जमेल. समुद्राच्या पाण्यात बोरेटसारखे इतर घटकही थोडे आम्ल खातात. त्या सगळ्यांना धरून अल्कतेची काटेकोर व्याख्या अँड्र्यू डिक्सन यांनी १९८१ साली मांडली. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेतल्या त्यांच्या प्रयोगशाळेतून प्रमाणित समुद्रजलाच्या बाटल्या जगभर जातात, आणि संशोधक आपली मोजमापे त्यांच्याशी ताडून पाहतात.

टाकीवाले लोक अल्कता जर्मन अंशांत मोजतात. या अंशाची मूळ व्याख्या वाचली तेव्हा मला माझ्या मुलखात आल्यासारखे वाटले. एक लिटर पाण्यात दहा मिलिग्रॅम कळीच्या चुन्याइतका ऐवज असला की तो एक अंश. नैसर्गिक समुद्राची अल्कता साडेसहा-सात अंशांच्या आसपास असते. प्रवाळांच्या टाकीत सात ते अकरा अंश चालतात. भाचीची टाकी आठ अंशांवर नीट चालली होती. माझ्या सल्ल्याने ती तेरावर गेली.

पीएच मात्र जिथल्या तिथे. असे का व्हावे?

जानेवारीतले स्टुटगार्ट. खिडक्या घट्ट बंद, घरात माणसे, स्वयंपाकघरात गॅस. आपण श्वासाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्या खोलीत साठतो आणि टाकीच्या पाण्यात उतरतो. पाण्यात त्याचे कार्बोनिक आम्ल होते आणि पीएच खाली येतो. पण हे आम्ल फुटते तेव्हा त्याचे दोन भाग होतात, एक आम्लाचा आणि एक बायकार्बोनेटचा. आम्लाचा भाग पाण्याच्या साठ्यातले जेवढे खातो, तेवढेच बायकार्बोनेट दुसऱ्या बाजूने जमा होते. नावे एक, जमा एक, शिल्लक तीच. कार्बन डायऑक्साइड पाण्यात कितीही जावो किंवा पाण्यातून बाहेर येवो, अल्कता बदलत नाही. फक्त पीएच बदलतो. आयुष्यभर खतावण्या लिहिलेल्या माणसाला हे सुचायला चार प्रवाळ खर्ची पडावे लागले, याची अजून लाज वाटते.

म्हणजे पाण्यात कसलीच कमतरता नव्हती. दोष हवेत होता आणि मी औषध पाण्यात घालायला सांगत होतो. प्रत्येक चमच्यासरशी अल्कता अर्ध्या अंशाहून जास्त वाढत गेली. कार्बोनेट फार झाले की ते पाण्यात राहायला तयार नसते. जिथे पाणी गरम असेल तिथे आधी चुनखडी होऊन बसते. म्हणून तापवायच्या कांडीवरचा तो थर. प्रवाळांची टोके का जळतात याची खात्रीलायक उकल माझ्या वाचनात नाही. पाळणाऱ्यांचा अनुभव असा, की पाण्यात नायट्रेट-फॉस्फेटचे पोषण अगदी कमी असताना अल्कता चढली की हा प्रकार होतो. सांगाडा पुढे धावतो आणि मांस मागे राहते, असे ते म्हणतात. भाचीच्या टाकीत दोन्ही गोष्टी होत्या.

परीक्षा अगदी साधी होती, ती मला आधी माहीत हवी होती. टाकीतले कपभर पाणी घ्यायचे, खिडकीबाहेर किंवा गच्चीत नेऊन मासे ठेवायच्या छोट्या पंपाने त्यात तासभर मोकळ्या हवेचे बुडबुडे सोडायचे, आणि पीएच पाहायचा. वर चढला, तर पाणी निर्दोष आणि खोलीची हवा दोषी. भाचीने नंतर तो प्रयोग केला. कपातला पीएच आठ पूर्णांक एकच्या वर गेला. आता तिच्या टाकीला हवा पुरवणारी नळी खिडकीच्या चौकटीतून बाहेर काढली आहे. त्या भोकातून गार वारा येतो म्हणून जावईबापू कुरकुरतात, पण नळी टिकून आहे.

चढलेली अल्कता उतरवायला आम्ल घालावे का, असे तिने विचारले होते. एव्हाना मी शहाणा झालो होतो. काहीही घालू नकोस, थोडे-थोडे पाणी बदल, आणि उरलेल्या प्रवाळांना खाऊ दे, एवढेच सांगितले. आठ अंशांवर यायला तीन आठवडे लागले.

हे झाले बिघाडाचे. खरा प्रश्न रोजच्या व्यवहाराचा असतो, आणि तिथे मला जास्त रस आहे.

तीनशे लिटर पाण्यात प्रवाळ वाढत असले की ते रोज थोडी अल्कता आणि थोडे कॅल्शियम उचलतात. दोन्ही एका ठरलेल्या प्रमाणात, कारण चुनखडीत ती त्याच प्रमाणात असतात. एक अंश अल्कता गेली की लिटरमागे सुमारे सात मिलिग्रॅम कॅल्शियम जाते. आता दोन्ही खात्यांची शिल्लक पाहा. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम लिटरमागे चारशे दहा-वीस मिलिग्रॅम असते. अल्कता आठ अंश धरली, तर ती संपूर्ण संपेपर्यंत कॅल्शियम उतरणार फक्त सत्तावन्न मिलिग्रॅम. म्हणजे एक खाते रिकामे झाले तरी दुसऱ्यात छप्पन्न-सत्तावन्न पैसे गेल्यासारखे, चार रुपयांतले साडेतीन शिल्लकच. नवखे लोक कॅल्शियम मोजत बसतात आणि आकडा ठीक दिसला की निश्चिंत होतात. ज्या खात्यात शिल्लक कमी, त्यावर रोज नजर हवी. भाचीची टाकी दिवसाला पाऊण अंशाच्या आतबाहेर खाते. आठवडाभर दुर्लक्ष केले तर पाच अंश जातील. तेवढ्यात कॅल्शियमची चाचणी जेमतेम हलेल.

ही भर घालायची कशी? टाकी घेतली तेव्हा तिच्यासोबत एक झाकणाचे भांडे आणि थेंबाथेंबाने पाणी सोडणारा छोटा पंप आला होता. भांड्यात काय असते असे मी विचारले.

“काल्कवासर.”

“म्हणजे?”

“काल्क म्हणजे चुना, वासर म्हणजे पाणी.”

चुन्याची निवळी! सातवी-आठवीत नळीने फुंकर मारून जिला आपण दुधाळ केले, घरच्या म्हाताऱ्या माणसांनी लहान मुलांना जी चमच्याने पाजली, तीच. प्रवाळांच्या टाकीत ती वापरण्याची पद्धत पीटर विल्कन्स यांनी १९७०च्या दशकात जर्मन वाचकांपुढे आणली आणि तिथून ती जगभर गेली. निवळीची खुबी अशी की तिच्यातून कॅल्शियम आणि अल्कता नेमकी त्याच प्रमाणात मिळतात ज्या प्रमाणात प्रवाळ ती खातात. एक खाते फुगले नि दुसरे आटले असे होत नाही. शिवाय ती पाण्यातला जादा कार्बन डायऑक्साइड शोषते, त्यामुळे पीएचही सावरतो. टाकीतले पाणी रोज वाफ होऊन उडते, मीठ मागे राहते, म्हणून गोड पाण्याची भर घालावीच लागते. ते गोड पाणी म्हणजेच निवळी, असा हा बेत आहे.

हिशेबही मांडता येतो. लिटरभर पाण्यात विझवलेला चुना दीड-पावणेदोन ग्रॅमपेक्षा जास्त विरघळत नाही. आणि मीठ-साखरेच्या उलट, पाणी तापवले की आणखी कमी विरघळतो. अशी पुरेपूर निवळी दिवसाला दोन लिटर दिली, तर तीनशे लिटरच्या टाकीत अल्कता पाऊण अंशाने वाढते. भाचीची टाकी खाते तेवढीच. ही भर पडत असताना मी वरून रोज चमचा-चमचा सोडा ओतायला लावला, म्हणजे माझा दोष आणखी ठळक होतो.

निवळी करताना आपल्या आजीला जे ठाऊक होते ते सगळे लागू पडते. चुना ढवळून रात्रभर राहू द्यायचा, गाळ खाली बसला की वरचे स्वच्छ पाणी घ्यायचे. वर साय धरते, ती हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने झालेली चुनखडी असते. झाकण सैल राहिले तर हवा निवळीतला कस असाच काढून घेते. गाळ आणि साय दोन्ही टाकीत जाऊ द्यायचे नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे, निवळी भसकन ओतायची नाही. तिचा पीएच बाराच्या वर असतो. हात भाजतो, डोळ्यात उडाली तर इजा होते. टाकीत एकदम पडली तर पाण्यात बर्फ पडल्यासारखी पांढरी भुकटी पसरते, आणि मग केलेले सगळे पाण्यात. थेंब-थेंब, शक्यतो रात्री सोडावी, कारण रात्री टाकीतले शैवाल प्रकाशाअभावी कार्बन डायऑक्साइड घेत नाही आणि पीएच तसाही खाली असतो. पानाच्या डबीतला चुना मात्र वापरू नये. मी चुन्याचा पक्षपाती असूनही हे सांगतो. त्यात आणखी काय-काय आहे हे डबीवर लिहिलेले नसते.

प्रवाळ मोठे झाले की उडणाऱ्या पाण्याइतकी निवळी पुरत नाही. मग काही जण दोन बाटल्या ठेवतात, एकीत खाण्याच्या सोड्याचे पाणी आणि दुसरीत कॅल्शियम क्लोराइडचे. शंभर लिटरला एक अंश वाढवायला तीन ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो, एवढे लक्षात ठेवले की बाकीचे त्रैराशिक आहे. दोन्ही पाणी एका जागी, एका वेळी घालू नये. ती भेटली की तिथेच चुनखडी होते. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रँडी होम्स-फार्ली यांनी या घरगुती पाककृती हौशी लोकांसाठी खुल्या लिहून ठेवल्या, आणि दुकानातल्या रंगीत बाटल्यांत काय असते ते लोकांना कळले. मॅग्नेशियमकडेही अधूनमधून पाहावे लागते. लिटरमागे तेराशे मिलिग्रॅमच्या आसपास असलेले हे मॅग्नेशियम चुनखडीचे कण धरू देत नाही, म्हणून तर एवढा चुना पाण्यात विरघळून राहू शकतो.

अंश सात असावे की नऊ, यावर हौशी लोक हमरीतुमरीवर येतात. माझे मत विचाराल तर आकडा दुय्यम आहे. सातावर सुखी असलेला प्रवाळ साडेनवावरही सुखी असतो. आज सात, परवा साडेनऊ, पुन्हा सात, हे मात्र त्याला सोसत नाही. दिवसाला एका अंशापेक्षा जास्त वर-खाली होऊ देऊ नये. मोजणीही रोज एकाच वेळी, एकाच संचाने करावी. दुसऱ्या कंपनीचा संच अर्धा अंश वेगळा दाखवेल, आणि तुम्ही नसलेल्या आजारावर उपचार सुरू कराल. मी केले तेच.

या सगळ्यातून बाहेर पडल्यावर माझ्या ध्यानात आले की भाचीच्या बंद खोलीत जे घडले तेच मोठ्या खोलीत चालू आहे. माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो त्यातला सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषतो. औद्योगिक काळाच्या आधी समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच सुमारे आठ पूर्णांक दोन होता, आता आठ पूर्णांक एकच्या आसपास आहे. अल्कता मात्र या शोषणाने हललेली नाही. प्रवाळाला सहज वापरता येईल असे कार्बोनेट तेवढे कमी झाले. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात ‘बायोस्फिअर दोन’ नावाची काचेची वसाहत आहे. तिच्यात पंचवीस-सव्वीस लाख लिटरचा एक समुद्र आहे. तिथे ख्रिस लँगडन यांनी पाण्याचे रसायन बदलून पाहिले, आणि कार्बोनेट कमी झाले की प्रवाळांची बांधणी मंदावते हे २००० साली मांडले.

पुढचा प्रयोग तर थेट समुद्रातला. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफमधल्या वन ट्री बेटाजवळ रिबेका अल्ब्राइट आणि केन काल्डेरा यांच्या गटाने खडकावरून वाहणाऱ्या पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण सोडले. पाण्याचे रसायन औद्योगिक काळाआधी होते त्याच्या जवळ नेले आणि खडकाची बांधणी मोजली. ती सुमारे सात टक्क्यांनी वाढली. हा निबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. भाचीच्या भांड्यातला पंप जे करतो, तेच त्यांनी खऱ्या प्रवाळ खडकावर केले होते.

मग समुद्रातच चुना का घालू नये? तशा योजना गांभीर्याने मांडल्या जात आहेत. माझी अडचण भट्टीजवळ सुरू होते. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की छप्पन्न किलो कळीचा चुना मिळतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड धुरांड्यातून जातो, सरपणाचा वेगळाच. तो धूर पकडून ठेवता आला तरच हिशेब जुळेल. आणि पाणी तापल्याने प्रवाळ पांढरे पडतात, त्यावर अल्कतेचा काही इलाज नाही. आपल्या मालवणच्या प्रवाळांना, किंवा कान्होजी आंग्र्यांचे नाव लागलेल्या, विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरवर समुद्राखाली पसरलेल्या आंग्रिया बँकेला, ही दोन्ही संकटे सारखीच लागू आहेत.

गुहागरला गेलो की आता मी बाटलीभर पाणी घेऊन येतो आणि ओट्यावर थेंब मोजत बसतो. साडेसहाच्या आसपास येते. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी भरलेली बाटली त्याहून कमी दाखवते. भाची दर रविवारी सकाळी, टाकीचे दिवे लागायच्या आधी मोजते आणि फक्त आकडा पाठवते. गेल्या रविवारी आठ पूर्णांक एक. त्याखाली एक फोटो होता. मेलेल्या अ‍ॅक्रोपोराचा सांगाडा तिने फेकला नव्हता, टाकीतच ठेवला होता. त्याच्या बुडाशी शेजारच्या वसाहतीने पाय पसरला आहे आणि जुन्या चुनखडीवर नव्या, जांभळट कडेची एक पट्टी चढली आहे. बोटाच्या पेराएवढी.